'हे श्रीमंतांचे आजार' असं लिहिणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सोनोग्राफीसाठी बाईला रोज बुडवून तालुक्याला जावं लागतं, सिकलसेल आणि अंगात रक्त नसणं हेच निस्तरत नाही, तिथे पोटातल्या बाळाच्या हृदयाची लय काय तपासता, असं तुम्ही विचारलंत.

एक चूक माझी. पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या लयीवरच्या मागच्या लेखात, हृदयाचं चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या यंत्रावर मी फार लिहिलं. ते जगात मोजक्याच ठिकाणी आहे. पण आजार श्रीमंतांचा नाही. मी लिहिलं तो लाँग क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागणं; त्याने लय अचानक बिघडून माणूस बेशुद्ध पडतो, कधी जातोही. तो साधारण २००० जन्मांत एकाला असतो, आणि बहुतेक घरांत आईबापांपैकी एकाला असला तरी प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी.

उपकेंद्रावर असताना सातव्या महिन्यातली एक बाई आली. डॉप्लरवर, म्हणजे पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायच्या यंत्रावर, ठोके मिनिटाला ११४. पुढच्या वेळी ११२. कार्डावर ११० ते १६० नॉर्मल, म्हणून कोणीही पुढे गेलं असतं. पण त्या महिन्यात लेकराचे ठोके १४०च्या आसपास असतात, आणि हे दोन्ही वेळा तितकंच संथ. मी विचारलं, घरात कोणी अचानक गेलं का? म्हणाली, "माहा भाऊ पट्टीचा पोहणारा होता सिस्टर. विहिरीत उडी मारली अन् वर आलाच नाही. मलेबी लहानपणी मिरगी येये."

मिरगी नव्हती ती. ग्रामीण रुग्णालयात तिचाच ईसीजी (हृदयाचा आलेख) काढला, त्यावर क्यूटी, म्हणजे हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबलेला. पोटातल्या बाळाचा ईसीजी नीट मिळत नाही, पण आईचा मिळतो ना! नागपूरला पाठवलं. तिला बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची लय बिघडू न देणारं औषध, सुरू झालं, बाळंतपण तिथेच झालं, बाळाचा ईसीजी पहिल्याच दिवशी निघाला. त्यालाही होताच.

आणखी एक. अशा बाईला उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन किंवा खोकल्यावर अझिथ्रोमायसिन सहज दिलं जातं. दोन्ही क्यूटी आणखी लांबवतात. माहीत नसेल तर गोळी देणाऱ्याचा तरी काय दोष? म्हणूनच मी लिहिते, भाऊ. सिकलसेलसाठी बोटातून रक्त घेतो, त्याच वेळी हा एक प्रश्न विचारून होतो. पोहताना, धावताना, दचकून कोणी पडलं का? तरणंताठं कोणी गेलं का? मामाच्या घरी दिलेली असेल तर दोन्हीकडचं विचारायचं, कारण या आजाराचा एक प्रकार दोन्हीकडून आला की लेकरू जन्मतः बहिरंही असतं.

ते पोर आता अंगणवाडीत जातं. त्याचा पहिला ईसीजी आईने रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेवलाय. कोणत्याही दवाखान्यात गेली की आधी तोच काढून दाखवते.