काचेतून पाहिलेली शहरं: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय अनामिक,

तुमची प्रतिक्रिया येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर का झाला ते शेवटी सांगते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही न्यू जर्सीहून कॉर्निंग, नायगारा, टोरांटो, मॉन्ट्रियल, बोस्टन आणि मग खाली फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन असा नऊ दिवसांचा फेरा मारला, त्यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा प्रवास नव्हे, हजेरीपट आहे, शहरं गाडीच्या काचेतून पाहिलेली दिसतात, टोल आणि पार्किंगचंच पुराण जास्त, ट्रेन असताना गाडी कशाला, नायगाऱ्याचा सल्ला साफ चुकीचा, आणि "फिलाडेल्फियातल्या सँडविचवर दोन परिच्छेद, पण आनंदीबाई जोशींचं नावसुद्धा नाही, हे मराठीत लिहिणाऱ्याला शोभत नाही."

वाचून आधी चिडले. मग नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हजेरीपट मात्र बरोबर आहे." तेव्हा तिथूनच सुरू करते.

टोरांटो ते मॉन्ट्रियल साधारण ५४० किलोमीटर. फोनवरचा नकाशा साडेपाच-सहा तास सांगतो. पण त्या नकाशाच्या मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेली, गुडघे चोळत बसलेली माणसं नसतात. दर दीड तासाला उतरा, पाय मोकळे करा, थर्मासमधला चहा काढा, तो सांडला म्हणून पुन्हा थांबा. आम्हाला नऊ तास लागले. पोचलो तेव्हा अंधार पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोस्टनला निघायचं होतं. जुन्या मॉन्ट्रियलच्या दगडी गल्ल्या आम्ही तीन तासांत उरकल्या. 'उरकल्या' हाच शब्द त्याला योग्य. आज ठरवलं तर बोस्टन सरळ गाळीन आणि मॉन्ट्रियलला दोन रात्री काढीन. वडीलधारी बरोबर असतील तर नकाशा सांगेल त्याच्या दीडपट वेळ धरा, हे मी लिहायला हवं होतं.

काचेबद्दल मात्र मान्य नाही. काच बघायला तर आम्ही मुद्दाम थांबलो! न्यू जर्सीहून नायगाऱ्याला जाताना बहुतेक लोक एका दमात सात तास गाडी हाणतात. वाटेत कॉर्निंग नावाचं गाव आहे, तिथे काचेचं म्युझियम आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी १९३४ साली ओतलेली २०० इंची काचेची पहिली तबकडी तिथे उभी करून ठेवली आहे. ओतताना साच्याचे काही ठोकळे सुटून वर आले आणि ती बाद झाली. मग दुसरी ओतली, ती दुर्बिणीत बसली. सासरे पस्तीस वर्षं मिरजेला फिजिक्स शिकवत होते. दोन्ही हात मागे बांधून ते त्या बाद झालेल्या तबकडीसमोर किती वेळ उभे होते, मी मोजलं नाही. सासूबाई दोनदा जाऊन त्यांना बोलावून आल्या.

ट्रेनच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन या पट्ट्यात तुमचं शंभर टक्के खरं. तिथे ट्रेनच घ्यावी, तिकीट लवकर काढावं, गाडीच्या नादी लागू नये. आम्ही फिलाडेल्फिया-वॉशिंग्टन गाडीने केलं ते निव्वळ गाडी भाड्याने घेतलेलीच होती म्हणून, आणि पस्तावलो. पण न्यूयॉर्कहून टोरांटोला जाणारी ट्रेन दिवसाला एक, आणि ती बारा तासांहून जास्त घेते. मॉन्ट्रियलच्या ट्रेनचीही तीच तऱ्हा. कॉर्निंगला तर ट्रेन जातच नाही. म्हणजे गाडी शहरांच्या मधल्या टप्प्यांसाठी घ्यायची. शहर आलं की ती कुठे टाकायची एवढाच खरा प्रश्न उरतो. माझं पार्किंगपुराण त्यासाठीच होतं, आणि तुम्ही कितीही नावं ठेवलीत तरी त्यात आणखी भर घालणार आहे.

मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी घातली की जानेवारी २०२५ पासून दिवसाला ९ डॉलर लागतात, गर्दीच्या वेळेत. पार्किंग त्याच्यावर वेगळं. त्यापेक्षा न्यू जर्सीत सीकॉकसला गाडी लावा आणि एकच स्टेशन ट्रेनने जा. टोरांटोच्या आसपास ४०७ नावाचा रस्ता मोकळा दिसतो, तो मोकळा का आहे ते बिल आल्यावर कळतं. टोलनाका नाही, थांबायचं नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. फोनमध्ये 'टोल टाळा' हे बटण कॅनडात शिरायच्या आधी दाबून ठेवा. आम्ही ते विसरलो. भाड्याच्या गाडीचं बिल दोन आठवड्यांनी आलं, त्यात टोल थोडा आणि 'तुमच्या वतीने टोल भरल्याची' फी रोजची, म्हणजे ज्या दिवशी गाडी हॉटेलखाली उभी होती त्या दिवसाचीसुद्धा. अमेरिकेतल्या टोलसाठी घरच्या गाडीचा ई-झी पास (टोल आपोआप कापून घेणारा टॅग) सोबत न्यावा, भाड्याच्या गाडीचा नंबर आपल्या खात्यात घालावा आणि गाडी परत केली की आठवणीने काढून टाकावा. गाडी कॅनडात नेणार हे भाडं ठरवतानाच सांगावं, विम्याचा कागद मागून घ्यावा.

मॉन्ट्रियल बेटावर आणि न्यूयॉर्क शहरात लाल दिव्याला उजवीकडे वळायचं नाही. (न्यूयॉर्कात तशी परवानगीची पाटी असेल तर गोष्ट वेगळी.) आपल्याला न्यू जर्सीत सवय लागलेली असते, मागचा हॉर्न वाजवतो, तरी वळायचं नाही. क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, 'स्टॉप'च्या लाल पाटीवर फ्रेंच शब्द असतो. सासऱ्यांनी तो इंग्रजीसारखा वाचला. मी म्हटलं, उच्चार 'आरे' असा होतो. ते म्हणाले, "म्हणजे गोरेगाव आलं."

आता नायगारा. 'अमेरिकेच्या बाजूने पाहण्यात अर्थ नाही' हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते मागे घेते. कॅनडाच्या बाजूने धबधबा समोर दिसतो, पोस्टकार्डावर असतो तसा. पण अमेरिकेच्या बाजूला गोट आयलंडवर टेरापिन पॉइंटच्या कठड्याशी उभं राहिलं की हिरवं पाणी आपल्या अगदी शेजारून कड्याच्या टोकाशी येतं, क्षणभर काचेसारखं गुळगुळीत दिसतं आणि नाहीसं होतं. सासूबाई तिथे कठडा धरून उभ्या होत्या, चष्म्यावर तुषार, पुसायचं भान नाही. हे सगळं पाहूनही मी ते वाक्य लिहिलं, कारण फोटो कॅनडातून चांगले आले होते. दुसरं असं की, मुलांकडे आलेल्या कितीतरी आईवडिलांजवळ कॅनडाचा व्हिसा नसतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेच्या टुरिस्ट किंवा एच-वन (नोकरीच्या) व्हिसावर असलेल्या भारतीयांना तो वेगळा काढावा लागतो, आणि तो वेळेत हातात पडेलच असं नाही. त्या आईवडिलांना 'अर्थ नाही' असं सांगणारी मी कोण?

भरपाई म्हणून एक गोष्ट सांगते. नायगाऱ्याचं बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी आधीच वळवलं जातं. १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावर सोडावं लागतं, रात्री त्याच्या निम्मंच पुरतं. रात्रीचे रंगीत दिवे छान असतात, पण खरा धबधबा दिवसाउजेडी पाहावा. बोटीत देतात ते प्लास्टिकचे रेनकोट अमेरिकेच्या बाजूला निळे आणि कॅनडाच्या बाजूला लाल, त्यामुळे मधल्या पाण्यात कोण कुठलं ते वरून कळतं. चपला कशाही घाला, भिजणारच.

आणि आनंदीबाई. इथे माझ्याकडे बचाव नाही. फिलाडेल्फियात आम्ही दीड दिवस होतो. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी १८५० मध्ये निघालेलं कॉलेज याच शहरातलं. तिथून ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई एम.डी. झाल्या, वयाची एकविशी पुरी व्हायला वीस दिवस बाकी होते. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. हे सगळं मला शाळेपासून माहीत आहे. तरी मी रांगेत उभी होते ती सँडविचच्या.

म्हणून गेल्या शनिवारी पुकिप्सीला जाऊन आले. उशिराचं कारण हेच. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसनच्या काठी हे गाव आहे, आमच्या घरापासून दोन-सव्वादोन तास. (तुमच्यासाठी: ग्रँड सेंट्रलहून ट्रेन जाते. जाताना डावीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे.) आनंदीबाई पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. ज्यांनी त्यांना अमेरिकेत लेकीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटरबाईंकडे त्यांची रक्षा पाठवली, आणि बाईंनी ती आपल्या घराण्याच्या जागेत पुरली. दगड त्या घराण्याच्या दगडांतच आहे, वेगळा काढलेला नाही. 'जोशी'च्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी दोन ई. नावापुढे एम.डी. खाली साल, १८६५ ते १८८७.

मिरजेला व्हिडिओ कॉल लावला आणि सासूबाईंना दगड दाखवला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, फूल तरी ठेवलंस का?" नव्हतं ठेवलं. गावात परत जाऊन शेवंतीचा गुच्छ आणला, पांढऱ्या शेवंतीचा, आणि पुन्हा कॉल लावला.

आणि हो, दफनभूमीत गाडी आतपर्यंत नेता येते. पार्किंगला पैसे नाहीत.