‘मार्केट’वाल्यांनो, जरा थांबा

‘पण बायकांचं बास्केटबॉल बघतं कोण?’ परत तेच! अमेरिकेची बास्केटबॉलपटू डायना टॉरासी हिचं नाव निघालं रे निघालं की कुणीतरी हे तोंडावर फेकतंच. म्हणणाऱ्याने आयुष्यात एक अख्खा सामना पाहिलेला नसतो. एनबीएची, म्हणजे पुरुषांच्या लीगचीसुद्धा नुसती रील्स पाहिलेली असतात. पण मत मात्र ठाम, आणि वर ‘पगार मार्केट ठरवतं’ हे शहाणपण फुकटात. डोक्यात तिडीक जाते.

बरं, मार्केटचंच बोलू.

ही बाई २००४ साली कनेटिकट विद्यापीठातून बाहेर पडली ती कॉलेज बास्केटबॉलची सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन. डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक लीग, तिच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिली निवड, संघ फिनिक्स मर्क्युरी. त्या संघाला तिने २००७, २००९ आणि २०१४ ला विजेतेपद मिळवून दिलं. आणि २०१५ चा अख्खा सीझन ती डब्ल्यूएनबीएत खेळलीच नाही. दुखापत नव्हती, कुणाशी भांडण नव्हतं. रशियातल्या येकातेरिनबर्गचा क्लब, जिथे ती हिवाळ्यात खेळायची, तो म्हणाला: उन्हाळ्यात तिकडे खेळू नकोस, आराम कर, तिथल्या पगाराहून जास्त पैसे आम्ही देतो. डब्ल्यूएनबीएतला पगार किती, तर वर्षाला साधारण १ लाख ७ हजार डॉलर. रशियात सुमारे १५ लाख मिळायचे, असं तेव्हा छापून आलं होतं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला खेळण्यापेक्षा घरी बसणं परवडत होतं!

हो, कबूल, तो क्लबही काही तिकिटं विकून पैसे देत नव्हता. उरलमधल्या खाण-धातू कंपनीचा पैसा होता तो. म्हणजे तिथेही मार्केट नव्हतं, हौस होती. पण निदान हौस तरी होती.

आणि परदेशात जाऊन खेळणं म्हणजे मजा वाटते का? तुर्कस्तानात फेनरबाह्चे क्लबकडून खेळताना अंकाराच्या प्रयोगशाळेने हिच्या नमुन्यात बंदी घातलेलं औषध सापडल्याचा अहवाल दिला. क्लबने करार मोडला. मग २०११ च्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेने अहवालच मागे घेतला. तोवर जगभर बदनामी झाली, ती कोण भरून देणार? आणि तिची मर्क्युरीतली तेव्हाची जोडीदार ब्रिटनी ग्रायनर! २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच येकातेरिनबर्गला खेळायला निघाली होती, मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली, डिसेंबरपर्यंत कैदेत. तेव्हाही आपले तज्ज्ञ काय म्हणाले? ‘गेलीच कशाला रशियाला?’ अहो, कशाला म्हणजे? पोटासाठी!

पण खरा संताप येतो तो विमानांचा. वर्षानुवर्षं डब्ल्यूएनबीएतल्या या मुली साध्या प्रवासी विमानांनी फिरत होत्या. ग्रायनर सहा फूट नऊ इंच उंच आहे, तिचे गुडघे समोरच्या सीटमागे कसे मावत असतील याची जरा कल्पना करा. २०१८ मध्ये लास वेगास एसेसचा संघ उड्डाणं रद्द होत होत पंचवीस तासांहून जास्त प्रवास करून वॉशिंग्टनला पोचला, या अवस्थेत खेळणं धोक्याचं म्हणून मैदानात उतरला नाही, तर लीगने सामना हरला असं जाहीर केलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क लिबर्टीच्या मालकाने स्वतःच्या खिशातून संघासाठी खास विमानं केली. लीगने काय करावं? ५ लाख डॉलर दंड! का, तर बाकीच्या मालकांना ते परवडत नाही, मग यांना जादा फायदा कसा? आता बोला, कुठे गेलं तुमचं मार्केट? खर्च करायला तयार असलेल्याचाच कान पिळला की! सगळ्या संघांना खास विमानं मिळायला २०२४ उजाडलं. टॉरासीचा तो विसावा आणि शेवटचा सीझन. दहा हजार गुणांच्या वर गेलेली लीगमधली पहिली खेळाडू, सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं, आणि धड विमान मिळालं बेचाळिसाव्या वर्षी.

त्याच २०२४ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची अंतिम लढत टीव्हीवर सरासरी १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिली. मुलांची? दीड कोटीसुद्धा नाही. हे सांगितलं की लगेच सूर बदलतो: ‘ते काय, त्या लढतीतल्या स्टार कॅटलिन क्लार्कमुळे.’ मग एनबीएतल्या मायकेल जॉर्डनच्या वेळी लोक काय पंचांना बघायला टीव्ही लावत होते? आणि त्या क्लार्कला व्यावसायिक लीगने पहिल्या वर्षी पगार किती दिला माहितीये? ७६,५३५ डॉलर. घ्या, विचारा तुमच्या मार्केटला.