कॉमेंट खोडून स्क्रिप्ट पळत नसते

रविवारी सकाळी भाची मनीषनगरहून आली ती लॅपटॉप काखेत मारूनच. पोह्यांवर तर्री पडायच्या आत फोन माझ्यासमोर धरला. "मामा, हे वाच ना. आमच्या ग्रुपवर सगळे हेच करून राहिले."

मी वाचलं. 'शेल स्क्रिप्टची पाच सत्यं, जी सीनियर सांगत नाहीत' असा मथळा, खाली तीन रॉकेटं. (शेल स्क्रिप्ट म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडची फाइल.) हाच मजकूर मला त्या आठवड्यात आणखी दोघांकडून आला होता आणि मी तो न वाचता पुसला होता. तिथेच चूक झाली. कारण भाचीने तोवर त्यातली दोन सत्यं ऑफिसच्या सर्व्हरवर अमलात आणलेली होती.

सत्यं थोडक्यात अशी. एक, कॉमेंट (माणसासाठी लिहिलेल्या टिपा) आणि रिकाम्या ओळी काढल्या की स्क्रिप्ट वेगवान होते. दोन, प्रोफाइलिंगच्या, म्हणजे कोणत्या ओळीला किती वेळ लागतो ते मोजण्याच्या, नादी लागू नका, खुद्द संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथने त्याला सगळ्या अनर्थांचं मूळ म्हटलंय. तीन, तसंही शेलमध्ये प्रोफाइलर बनतच नाही, त्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, हात घालावा लागतो, आणि बनवलाच तर तो खोटे आकडे देतो. चार, टाइम कमांड पुरे. पाच, तरीही स्लो असेल तर सरळ पायथनमध्ये लिहा.

पहिल्यावरच मला जास्त बोलायचंय, कारण नुकसान त्यानेच केलं.

बॅश, म्हणजे ही स्क्रिप्ट चालवणारा शेल, हा इंटरप्रीटर आहे, वाचत वाचत चालवणारा, म्हणून तो प्रत्येक फेरीत प्रत्येक ओळ नव्याने वाचतो अशी कुणाची तरी समजूत झालेली दिसते. तसं नसतं. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, सुरुवातीपासून त्याच्या 'डन'पर्यंत आधी पूर्ण वाचला जातो, मगच फिरायला लागतो. वाचतानाच हॅशच्या (#) पुढचा मजकूर गळून पडतो. नंतर लूप ४० हजार वेळा फिरला तरी त्या कॉमेंटकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ६० कॉमेंट एकदा वाचायला जो वेळ लागतो तो मोजून दाखवा, मी तर्रीचे पैसे देतो. भाचीने ६० कॉमेंट खोडल्या. स्क्रिप्ट आधी पाच मिनिटं घ्यायची, नंतरही पाच मिनिटंच. आणि जुन्या आवृत्त्या जपणारं गिट? "ती स्क्रिप्ट सर्व्हरवरच होती, मामा." म्हणजे कॉमेंट गेल्या त्या गेल्याच.

आता कनूथ. हे वाक्य फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढचा परिच्छेद वाचला असेल, देव जाणे. १९७४ साली 'कम्प्युटिंग सर्व्हेज' मध्ये गो-टू विधानावर त्याचा लांबलचक लेख आला, त्यातलं हे वाक्य. तिथे तो म्हणतो की ९७ टक्के वेळा बारीकसारीक काटकसर विसरून जा, वेळेआधी केलेली काटकसर हे सगळ्या अनर्थांचं मूळ, पण उरलेल्या ३ टक्क्यांतली संधी सोडू नका. लगेच पुढे सांगतो की प्रोग्रामचा कोणता भाग महत्त्वाचा हे आधीच अंदाजाने ठरवणं ही बहुधा चूक असते, कारण मोजण्याची साधनं वापरणाऱ्या सगळ्यांचा अनुभव असा, की त्यांचे अंदाज फसतात. एवढ्यावरही तो थांबत नाही. अशी साधनं सात वर्षं वापरल्यावर त्याचं मत असं झालं की यापुढच्या प्रत्येक कंपायलरने कोणता भाग किती महागात पडतो ते प्रोग्रामरला आपणहून दाखवावं. नको असेल त्याने ते बंद करावं. ज्याने प्रोफाइलिंग डीफॉल्ट असावं म्हटलं, त्याच्याच नावाने प्रोफाइलिंगला बंदी! कॉमेंट खोडणं मात्र त्याच्या त्या बदनाम वाक्यात चपखल बसतं: न मोजता केलेली काटकसर.

"शेलमध्ये बनतच नाही" हे म्हणणाऱ्याने झेडशेल हा दुसरा शेल उघडून पाहिलेला नाही. त्यात झेडप्रॉफ नावाचं मॉड्यूल आयतंच येतं आणि फंक्शननिहाय वेळ देतं. फिश शेलला तर प्रोफाइल नावाचा ऑप्शनच आहे. बॅशमध्ये आयतं काही नाही, हे खरं. पण सामान सगळं घरात आहे. 'सेट वजा एक्स' दिलं की बॅश प्रत्येक कमांड चालवण्याआधी छापतो, आणि त्या ओळीच्या पुढे पीएस४ या व्हेरिएबलची किंमत दर वेळी नव्याने काढून लावतो. त्या पीएस४ मध्ये फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ईपॉकरिअलटाइम, म्हणजे १९७० पासून मोजलेले सेकंद, घाला. हे शेवटचं २०१९ च्या बॅश ५.० पासून आहे आणि मायक्रोसेकंदापर्यंत वेळ देतं. सगळं आउटपुट बॅश-एक्सट्रेस-एफडी वापरून वेगळ्या फाइलीत वळवा, म्हणजे स्क्रिप्टच्या स्वतःच्या एररमध्ये मिसळणार नाही. मग ऑक या मजकूर हाताळणाऱ्या कमांडने लागोपाठच्या दोन वेळांची वजाबाकी करा, फरक आधीच्या ओळीच्या खात्यावर टाका, ओळीनुसार बेरीज करा, ती ओळ किती वेळा चालली ते मोजा आणि सॉर्ट करा. झाला प्रोफाइलर. कर्नल जागचा हलला नाही.

आम्ही दोघांनी दुपारच्या उन्हात, कूलरपुढे बसून तो लिहिला आणि नाव ठेवलं 'मोजणी'. ४० ओळी. दोनदा आपटलो, तेही सांगतो. पहिल्यांदा पीएस४ ला डबल कोट लावले, तर वेळ एकदाच भरली गेली आणि सगळ्या ओळी एकाच क्षणी चाललेल्या दिसल्या. तिथे सिंगल कोटच हवेत. दुसऱ्यांदा वेळ अगदी सुरुवातीला लिहिली. आता गंमत अशी की एका कमांडचं उत्तर पकडायला डॉलर-कंसात लिहिलेल्या कमांडमध्ये शिरलं की बॅश पीएस४ चं पहिलं अक्षर पुन्हा छापतो. आमच्या वेळेतला पहिला १ दोनदा छापला गेला आणि स्क्रिप्ट सन २३४० च्याही पुढे जाऊन पोचली. "मामा, एवढी स्लो तर नव्हती न!" सुरुवातीला अधिकचं चिन्ह ठेवा, ते कितीही वेळा येवो, ऑकमध्ये छाटून टाका. आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, म्हणून चालवत असाल तर ४.४ पासून बॅश बाहेरून आलेला पीएस४ घेतच नाही, तो आतच लिहावा लागतो.

आकडे खोटे येतात, या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. छापायलाही वेळ लागतो, त्यामुळे ज्या लूपमध्ये नुसती बेरीज-वजाबाकी आहे तो मोजणीखाली बराच फुगलेला दिसतो. कोणी पीएस४ मध्ये डेट कमांड घालत असेल, तर दर ओळीला नवी प्रोसेस जन्माला येते आणि मग आकडे खरंच फेकून द्यायच्या लायकीचे. पण आपल्याला हवी असते क्रमवारी, आणि ती तर डोळ्यांत बोट घालत होती. ४० हजार नोंदींचा लॉग, १२ फाइलींत. दर नोंदीला सेकंदांतली वेळ वाचनीय करायला एकदा डेट आणि नाव वेगळं काढायला एकदा कट. दोन्ही बॅशच्या बाहेरचे प्रोग्राम, म्हणजे ८० हजार प्रोसेस, एकेकीला सुमारे तीन मिलिसेकंद. पाचातली चार मिनिटं या दोन ओळींत.

डेटच्या जागी बॅशच्या आतलंच प्रिंटएफ आलं, बॅश ४.२ पासून ते सेकंदांवरून तारीख स्वतःच लिहितं. त्याला 'वजा व्ही' द्यायला विसरू नका, नाहीतर उत्तर पकडायला पुन्हा सबशेल, म्हणजे बॅशची आणखी एक प्रत, उघडेल. कटच्या जागी आतलंच रीड. चार मिनिटांचे तीन सेकंद झाले.

टाइमबद्दल फार बोलायला नको. तो एकूण वेळ सांगतो, म्हणजे मे महिन्याचं वीजबिल. कूलरने किती खाल्लं आणि फ्रिजने किती, ते बिलावर नसतं. पण एक गोष्ट त्याने आधीच दाखवली होती, जी भाचीने आणि खरं सांगायचं तर मीही सोडून दिली: रिअल (घड्याळातली वेळ) हा आकडा यूजर आणि सिस्टीमच्या (प्रोसेसरने राबलेल्या वेळेच्या) बेरजेपेक्षा जवळपास एक मिनिटाने जास्त होता. स्क्रिप्ट तेवढा वेळ नुसती बसून होती.

राहिलं पायथन. भाचीने दोन रात्री जागून ते केलं होतं. वेळ पाच मिनिटांच्या थोडी वरच, कारण तिच्या पायथननेही दर नोंदीला सबप्रोसेसने तीच डेट बोलावली. आतलं डेटटाइम वापरलं असतं तर काम पटकन झालं असतं, हे मान्य. ऑकनेही झालं असतं. पण चार मिनिटं कोणत्या ओळीत जातात हेच ठाऊक नसेल, तर ती ओळ सोबत घेऊनच माणूस दुसऱ्या भाषेत जातो.

आता ते एक मिनिट. मोजणीच्या यादीत तिसऱ्या नंबरावर स्लीप, म्हणजे नुसतं थांबवणारी कमांड, होता: दर फाइलीनंतर पाच सेकंद, १२ वेळा, बरोबर ६० सेकंद. काढून टाकला तर स्क्रिप्ट तीन सेकंदांत संपेल. पण तो का घातला होता? पलीकडच्या सर्व्हरला दम घ्यायला? फाइल बदलायची वाट पाहायला? की कोणी टेस्टिंगला घालून विसरलं? भाचीला एवढंच आठवतं की त्या ओळीच्या वर दोन ओळींची कॉमेंट होती.

ज्याने ती लिहिली तो दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. तिने त्याला मेसेज टाकलाय. निळी टिक आली आहे, उत्तर नाही. तोवर स्लीप आहे तिथेच ठेवलाय.