कडाका वाढला म्हणून बर्फ वाढत नाही हो

बर्फावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं "थंडी जितकी जास्त तितका बर्फ जास्त" हे वाक्य काही पटलं नाही. मी १४ वर्षं अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात राहतोय, इथला अनुभव जवळजवळ उलटाच आहे. बर्फाची मोठमोठी वादळं बऱ्याचदा येतात ती नोव्हेंबर-डिसेंबरात, कारण तेव्हा शेजारच्या एरी लेकचं (भलंमोठं सरोवर आहे ते) पाणी अजून बऱ्यापैकी उबदार असतं, वरून कॅनडाकडची कोरडी गार हवा आली की ती वाफ उचलते आणि किनारा लागला की सगळं आमच्या डोक्यावर रिकामं करते. फेब्रुवारीत खरा कडाका असतो, पण लेक गोठलं की वाफच मिळत नाही, मग नुसती हाडं गोठवणारी थंडी आणि वर निळंशार आकाश! नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क उपनगरात ८० इंच पडला, म्हणजे साडेसहा फुटांच्या वर, आणि तिथून थोडं उत्तरेला त्याच्या निम्माही नाही.

आणि लेखातलं "भुसभुशीत, हलका" बर्फ वगैरे फोटोत ठीक आहे. शून्याच्या आसपास पडलेला ओला बर्फ फावड्याने उचलून बघा एकदा, चिखल परवडला. त्यात आपण तासभर खपून ड्राइव्हवे साफ करायचा आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणारा प्लाऊवाला येऊन सगळा ढीग बरोबर त्याच्या तोंडाशी लोटून जाणार. बायकोचा वाफ्यातला लसूण मात्र त्याच बर्फाखाली मजेत झोपलेला असतो, गोधडी घेतल्यासारखा, ज्या वर्षी बर्फ कमी त्या वर्षी तो जास्त मरतो.