लिंबावरच्या अळ्या राहू द्या

ऋतूंप्रमाणे बदलणारी परसबाग तुमच्या लेखात फार सुंदर उतरली आहे. फक्त लिंबावर अळ्या दिसताच फवारणी करा, हा त्यातला सल्ला पटला नाही. पावसाळ्यात आमच्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर त्या हमखास येतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. यांच्यातूनच मॉरमॉन जातीची फुलपाखरं होतात. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं! शिवाय शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो तेही याच दिवसांत, आणि पिल्लांना किडे-अळ्याच भरवतो. फवारणी केली तर त्यानं खाऊ कुठून आणायचा?

जांभळा शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याबद्दलही लेखात लिहायला हवं होतं. पावसाळा सरला की नर काही महिने मादीसारखा फिका दिसतो, गळ्यापासून खाली एक काळसर पट्टा तेवढा उरतो. होळीच्या सुमारास पुन्हा झळाळतो. मला तर तो बदल बघायला फुलांइतकाच आवडतो. लिंबाचं रोप अगदी लहान असेल तर अळ्या हातानं उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठं झाड नवी पालवी फोडतंच.