हुकूमनामा तीन वर्षांत बाद होत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा तीन वर्षांत वसूल झाला नाही तर बाद होतो, आणि तोवर बेलीफ घरातलं काहीही उचलून नेऊ शकतो.’ दोन्ही चूक. (हुकूमनामा म्हणजे दिवाणी दाव्याच्या निकालानंतर कोर्ट देतं तो आदेश; बेलीफ म्हणजे तो बजावणारा कोर्टाचा कर्मचारी.)

तीन वर्षं ही साधारणपणे उसनवारीचा दावा लावायची मुदत. हुकूमनामा बजावून घ्यायला १९६३च्या मुदत कायद्यानुसार १२ वर्षं मिळतात. मात्र कोर्ट आपणहून वसुलीला निघत नाही. जिंकणाऱ्याला दरखास्त, म्हणजे हुकूमनामा बजावून मिळण्याचा अर्ज, दाखल करावी लागते. निकालाची नक्कल कपाटात ठेवून वाट पाहणारे कितीतरी लोक असतात, म्हणून हे ठासून सांगतोय.

जप्तीलाही हद्द आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बायकोचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, सरकारी पेन्शन यांना हात लावता येत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भागही सुरक्षित राहतो; पोटगीच्या हुकूमनाम्याला नियम वेगळा.

पैसे न फेडणाऱ्याला दिवाणी कैद होऊ शकते, जास्तीत जास्त तीन महिने. पण पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक नाही, आणि नुसती ऐपत नाही म्हणून कुणालाच तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय.