ग्रोमेट आहे म्हणून पोहणं बंद? कशासाठी?

ग्रोमेट म्हणजे कानाच्या पडद्याला भोक पाडून त्यात बसवलेली बारीक नळी. उन्हाळी पोहण्याचे वर्ग सुरू झाले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो: ‘कानात ग्रोमेट असलेल्या मुलांना नळी पडेपर्यंत पाण्यात उतरवू नका. पाणी थेट मेंदूपर्यंत जातं. उतरवलंच तर इअरप्लग सक्तीचे. आधी कानात तेलाचे दोन थेंब सोडा. कान वाहिला तर नळी बिघडली समजा.’ माझ्या लेकीच्या दोन्ही कानांत ग्रोमेट आहेत. हा मेसेज खरा मानून मी तिचा आख्खा एक उन्हाळा कोरडा घालवला, म्हणून लिहिते आहे.

आधी मेंदूचं. कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते. ती नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली. मेंदू आणि तिच्यामध्ये हाड आहे. डॉक्टरांनी मला ग्रोमेट तळहातावर ठेवून दाखवली होती. मोहरीच्या दाण्याएवढी, भोक जेमतेम 1 मिलिमीटरचं. एवढ्या बारीक भोकातून पाणी सहजी आत शिरत नाही, पृष्ठताण त्याला तोंडाशीच अडवतो. आत जायला दाब लागतो.

इअरप्लगची सक्तीही टिकत नाही. 2005 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ग्रोमेट असलेल्या 201 मुलांचा. प्लग घालणाऱ्यांपैकी 47 टक्के मुलांचा कान एकदा तरी वाहिला, न घालणाऱ्यांपैकी 56 टक्के. म्हणजे फरक आहे. पण कान वाहण्याची एक वेळ टाळायला मुलाने सरासरी 2.8 वर्षं प्लग घालायला हवेत, असा हिशोब निघाला. आणि ग्रोमेट बहुतेकदा 6 ते 18 महिन्यांत आपणहून पडते! प्लग घालूनही निम्म्या मुलांचे कान वाहिले, कारण साधी सर्दीसुद्धा कान वाहायला पुरते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये हेच सांगितलं: सरसकट प्लग नकोत, पोहण्यावर बंदीही नको. शिवाय कान बंद असले की सरांची हाक मुलाला नीट ऐकू येत नाही, आणि पाण्यात मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तेल मात्र अजिबात नको. आमच्याकडे आजी अजूनही कोमट तेलाची वाटी घेऊन बसते, तिची माया कळते. पण पडद्याला भोक असताना डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांशिवाय कानात काहीही घालायचं नाही.

कान वाहिला म्हणजे नळी बिघडली असंही नाही. बहुतेकदा आत संसर्ग झालेला असतो, आणि नळीमुळे स्रावाला बाहेर पडायला वाट मिळते. डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा अँटिबायोटिकचे थेंब पुरतात, कारण औषध नळीतून नेमकं जागेवर पोहोचतं. कान कोरडा होईपर्यंत पोहणं थांबवा.

मेसेजमधली काळजी काही ठिकाणी रास्त आहे. साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण कमी असतो, त्यामुळे टबमधल्या फेसात डोकं बुडवू नये. नदी, तळं, विहीर इथलं पाणी क्लोरिनचं नसतं. खोल बुडी मारली की दाब वाढतो. पाण्यात कान दुखत असेल किंवा वारंवार वाहत असेल, तर त्या मुलाला प्लग हवेतच. ऑपरेशननंतर किती दिवस थांबायचं, ते तुमच्या सर्जनला विचारा.

यंदा लेक टँकमध्ये प्लगशिवाय पोहते. मे महिन्यात गावी विहिरीत उतरेल तेव्हा मात्र कानात प्लग, पाठीला डबा, आणि वरून उडी मारायची नाही, हे तिच्या आजोबांना आत्ताच फोन करून सांगितलंय.